‘ध’चा ‘मा’, तोही घटनेत बसवून: विस्कॉन्सिनच्या गव्हर्नरच्या व्हेटोबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबरात मालमत्ता कराचं बिल टपालपेटीत पडलं की मॅडिसनमधल्या (अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या राजधानीतल्या) आमच्या मराठी ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: “ते चारशे वर्षांचं काय प्रकरण आहे हो?” मग कोणी जुनी बातमी चिकटवतं, कोणी भारतातल्या राज्यपालांना मध्ये ओढतं आणि गाडी भलत्याच रुळावर जाते. दरवर्षी तेच तेच टाइप करण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो. मी वकील नाही. घराचे हप्ते फेडणारा आणि पोरं सरकारी शाळेत घालणारा माणूस आहे.

चारशे वर्षांचा व्हेटो (नकाराधिकार) म्हणजे नेमकं काय झालं?

२०२३च्या उन्हाळ्यात विधिमंडळाने दोन वर्षांचा अर्थसंकल्प मंजूर करून गव्हर्नर टोनी एव्हर्स यांच्याकडे पाठवला. एव्हर्स डेमोक्रॅट, विधिमंडळाची दोन्ही सभागृहं रिपब्लिकनांच्या हातात. त्यात शाळांसाठी एक तरतूद होती: दर विद्यार्थ्यामागे शाळा जिल्ह्याला (म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेला) जेवढे पैसे उभे करता येतात, ती मर्यादा वर्षाला ३२५ डॉलरने वाढवायची. कधी? तर, मराठीत लिहायचं तर, ‘२०२३-२४ शालेय वर्ष आणि २०२४-२५ शालेय वर्ष’ यांसाठी. म्हणजे दोनच वर्षं.

आता एक कागद घ्या आणि ही ओळ लिहा. पहिल्या जोडरेघेनंतरचं ‘२४ शालेय वर्ष आणि २०’ एवढं खोडा. मग ‘२४’ आणि ‘२५’ यांच्यामधली चिमुकली आडवी रेघ खोडा. काय उरलं? ‘२०२३-२४२५’. एव्हर्स यांनी ५ जुलै २०२३ रोजी एवढंच केलं. एक अक्षरही नवीन लिहिलं नाही. दोन वर्षांची वाढ सन २४२५पर्यंतची झाली. चारशे वर्षं पुढची कल्पना करवत नसेल तर मागे जाऊन बघा: १६२३ साली शिवाजी महाराजांचा जन्मही झालेला नव्हता.

पण गव्हर्नर आणि राज्यपाल एकच ना?

नाही, आणि निम्मा गोंधळ या भाषांतरातूनच होतो. आपल्याकडे राज्यपालांची नेमणूक राष्ट्रपती करतात आणि ते बहुतेक बाबतींत मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. इथला गव्हर्नर लोकांनी थेट निवडून दिलेला, पक्षाचा माणूस असतो. आपल्या भाषेत सांगायचं तर मुख्यमंत्रीच, फक्त त्याला सभागृहात बहुमताची गरज नाही आणि तो आमदारही नसतो. त्यामुळे त्याने व्हेटो वापरला की ‘घटनात्मक पदाची अप्रतिष्ठा’ वगैरे कोणी म्हणत नाही. ते राजकारण असतं आणि सगळे त्याला राजकारणच म्हणतात. या पानावर म्हणूनच मी इथल्यांना गव्हर्नर आणि तिकडच्यांना राज्यपाल म्हणणार आहे.

असा खोडण्याचा अधिकार आला कुठून?

१९३० सालच्या एका घटनादुरुस्तीतून. त्याआधी गव्हर्नरला विधेयक एक तर अख्खं घ्यावं लागे, नाही तर अख्खं परत पाठवावं लागे. आमदार काय करायचे, तर एकाच मोठ्या खर्चाच्या विधेयकात गव्हर्नरला हवी ती गोष्ट आणि नको ती गोष्ट एकत्र बांधून पाठवायचे. भाजीवाला चांगल्या टोमॅटोंखाली दोन सडके सरकवतो, तसं. त्यावर उपाय म्हणून खर्चाची विधेयकं ‘पूर्णतः किंवा अंशतः’ मंजूर करण्याची मुभा गव्हर्नरला मिळाली.

बहुतेक राज्यांच्या घटनांमध्ये अशा ठिकाणी ‘बाब’ या अर्थाचा शब्द आहे: खर्चाची एखादी बाब गव्हर्नर वगळू शकतो. विस्कॉन्सिनने ‘भाग’ हा शब्द वापरला. भाग म्हणजे परिच्छेद? वाक्य? शब्द? अक्षर? घटनेने ते सांगितलं नाही, आणि पुढची नव्वद वर्षं एकेका गव्हर्नरने ते आपापल्या सोयीने ठरवलं.

म्हणजे एव्हर्स पहिले नाहीत?

मुळीच नाही. हा इतिहास मला स्वतःला फार आवडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पॅट्रिक लूसी, डेमोक्रॅट. १९७३ साली महामार्गांसाठी अडीच कोटी डॉलरचं कर्ज उभारण्याची तरतूद होती. त्यांनी ‘२५ दशलक्ष’मधला ‘२’ खोडला. उरले ५ दशलक्ष, म्हणजे पन्नास लाख. दोन वर्षांनी पर्यटनाच्या जाहिरातींवरच्या एका तरतुदीत ‘पन्नास टक्क्यांपेक्षा कमी नाही’ असं होतं. त्यातला नकार त्यांनी खोडला. राहिलं ‘पन्नास टक्क्यांपेक्षा कमी’. किमान मर्यादा होती तिची कमाल मर्यादा झाली.

टॉमी थॉम्पसन, रिपब्लिकन. यांनी तर सुटी सुटी अक्षरं खोडून नवे शब्द जुळवायला सुरुवात केली. अल्पवयीन मुलांना कोठडीत ठेवण्याची मुदत विधिमंडळाने ४८ तास लिहिली होती. थॉम्पसन यांनी इकडचं अक्षर ठेवलं, तिकडचं उडवलं आणि त्यातून ‘दहा दिवस’ बाहेर काढले. टीव्हीवरच्या शब्दांच्या खेळात अक्षरं उलटून दाखवणाऱ्या वॅना व्हाइट यांचं नाव या प्रकाराला पडलं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली हे चालतं असं सांगितलं. शेवटी १९९० साली लोकांनीच घटना बदलली: शब्दातली अक्षरं खोडून नवा शब्द बनवायचा नाही.

जिम डॉइल, पुन्हा डेमोक्रॅट. अक्षरं बंद? मग शब्द! २००५च्या अर्थसंकल्पात त्यांनी ७५२ शब्दांच्या मजकुरातून वीस शब्द वेचले, त्यांचं एक वाक्य शिवलं आणि वाहतुकीच्या निधीतले ४२.७ कोटी डॉलर दुसरीकडे वळवले. वेगवेगळ्या प्रेतांचे तुकडे जोडून उभ्या केलेल्या राक्षसावरून याला ‘फ्रँकेन्स्टाइन व्हेटो’ म्हणतात. २००८ साली पुन्हा घटनादुरुस्ती झाली: दोन किंवा अधिक वाक्यांचे तुकडे जोडून नवं वाक्य करायचं नाही.

स्कॉट वॉकर, रिपब्लिकन, २०१७. ‘डिसेंबर ३१, २०१८’ यातलं ‘१, २’ खोडून बघा. ‘डिसेंबर ३०१८’. शाळांच्या ऊर्जाबचतीच्या खर्चावरची एका वर्षाची बंदी हजार वर्षांची झाली. त्यावेळी रिपब्लिकन आमदारांनी काही आकाशपाताळ एक केलं नव्हतं, हे २०२३चा गदारोळ ऐकताना लक्षात असू द्यावं.

आपल्याकडे ‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका आहे. ‘नारायणरावास धरावे’ या हुकमात एक अक्षर बदलून ‘मारावे’ केलं, असं सांगतात. फरक इतकाच की विस्कॉन्सिनमध्ये ‘ध’ खोडता येतो, ‘मा’ लिहिता येत नाही. तो आधीच कागदावर कुठेतरी पडलेला असावा लागतो. अपवाद एक: न्यायालयाच्या १९९५च्या निकालानुसार खर्चाची रक्कम खोडून त्याजागी गव्हर्नर त्यापेक्षा लहान रक्कम लिहू शकतो.

याला काही मर्यादाच नाही का?

आहेत. हा अधिकार फक्त खर्चाची तरतूद असलेल्या विधेयकांना लागू आहे. खोडून उरलेला मजकूर एक पूर्ण, अमलात येण्याजोगा कायदा असला पाहिजे, आणि विषय तोच राहिला पाहिजे. २०२०मध्ये न्यायालयाने एव्हर्स यांच्याच चारपैकी तीन व्हेटो रद्द केले. त्यातल्या एकात शाळेच्या जुन्या बस बदलण्यासाठी ठेवलेल्या पैशांतून त्यांनी विजेच्या गाड्यांच्या चार्जिंगची सोय काढली होती.

आमदारांना हे उलटवता येत नाही का? ते सभागृहात चर्चा करून थांबतात का?

येतं. दोन्ही सभागृहांत हजर सदस्यांपैकी दोन-तृतीयांशांनी मत दिलं तर गव्हर्नरचा व्हेटो रद्द. विधेयक जिथे जन्मलं त्या सभागृहात आधी मतदान होतं. व्हेटोबरोबर गव्हर्नरने आपली कारणं लिहून पाठवलेली असतात. दुरुस्ती सुचवता येत नाही. हो किंवा नाही, एवढंच.

खरा खेळ बेरजेचा आहे. २०२३ साली सेनेटच्या ३३ जागांपैकी रिपब्लिकनांकडे २२ होत्या. बरोब्बर दोन-तृतीयांश. असेंब्लीच्या ९९ पैकी ६४ होत्या आणि लागत होत्या ६६. दोन कमी. सप्टेंबर २०२३मध्ये सेनेटने २२ विरुद्ध ११ असा चारशे वर्षांचा व्हेटो उलटवला, भाषणं झाली, बातम्या झाल्या आणि पुढे असेंब्लीत काहीच घडलं नाही. जे हरणारच ते मतदानाला कोण आणणार? २०२४मध्ये नव्या मतदारसंघांनुसार निवडणुका झाल्या आणि रिपब्लिकनांचं बळ सेनेटमध्ये १८, असेंब्लीत ५४ झालं. बहुमत आहे, पण व्हेटो उलटवण्याचं स्वप्न आणखी लांब गेलं. इथे गव्हर्नरचा व्हेटो शेवटचा यशस्वीपणे उलटवला गेला तो १९८५ साली.

‘हजर सदस्यांपैकी’ हे शब्द मात्र नीट वाचा. कोण जेवायला गेलंय, कोणाच्या घरी आजारपण आहे, यावर कायदा ठरू शकतो. २०१९मध्ये असेंब्लीने एकाच व्हेटोवर पुन्हा पुन्हा मतदान घेता येईल असा नियम केला, तेव्हा डेमोक्रॅट आमदार म्हणाले की आता आम्ही बाथरूमला तरी जायचं की नाही? शब्द माझे आहेत, भीती त्यांची.

ही भीती खरी ठरली आहे का कुठे?

नॉर्थ कॅरोलायनात. ११ सप्टेंबर २०१९ची सकाळ. गव्हर्नर रॉय कूपर यांनी अर्थसंकल्प नाकारला होता. डेमोक्रॅट आमदारांचं म्हणणं असं की सकाळी मतदान होणार नाही असं आम्हाला सांगितलं होतं, म्हणून बरेचजण सभागृहात नव्हते. प्रतिनिधिगृहात ५५ विरुद्ध ९ मतांनी व्हेटो उलटवला गेला. एकूण सदस्य १२०. एक महिला आमदार माइकजवळून हटायलाच तयार नव्हत्या, त्यांचं ओरडणं देशभर दाखवलं गेलं. एवढं करून सेनेटने तो विषय मतदानाला घेतलाच नाही, त्यामुळे व्हेटो टिकला!

त्याच राज्यात २०२३च्या एप्रिलमध्ये ट्रिशिया कोथम या आमदार डेमोक्रॅटिक पक्ष सोडून रिपब्लिकनांकडे गेल्या आणि तिथे लागणारं तीन-पंचमांशांचं गणित जुळलं. मेमध्ये गर्भपातावर बारा आठवड्यांची मर्यादा घालणाऱ्या कायद्यावरचा व्हेटो प्रतिनिधिगृहात ७२ विरुद्ध ४८ असा उलटला. १२०चे तीन-पंचमांश किती? ७२. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत आमदारांची मोजदाद बघितलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही.

अलास्काचा किस्सा तर वेगळाच. तिथे दोन्ही सभागृहं एकत्र बसतात आणि खर्चावरचा व्हेटो उलटवायला साठपैकी पंचेचाळीस मतं लागतात. २०२५च्या उन्हाळ्यात गव्हर्नर माइक डनलेव्ही यांनी शिक्षणाचे सुमारे पाच कोटी डॉलर कापले, विशेष अधिवेशन बोलावलं आणि आपल्याच पक्षाच्या आमदारांना सांगितलं की पहिले पाच दिवस येऊच नका. कारण व्हेटोवर निर्णय त्या पाच दिवसांतच घ्यावा लागतो. तरी आमदार आले. २ ऑगस्टला मतदान झालं: ४५ विरुद्ध १४.

चर्चेत दोन्ही बाजू म्हणतात तरी काय?

रिपब्लिकनांचा मुद्दा: कर वाढवायचा तर लोकप्रतिनिधींनी मत दिलं पाहिजे. चारशे वर्षांच्या वाढीला एकाही आमदाराने मत दिलेलं नाही. गव्हर्नरने कायदा नाकारला नाही, नवा लिहिला.

डेमोक्रॅटांचा मुद्दा: शाळांची मर्यादा पूर्वी महागाईप्रमाणे आपोआप वाढायची, ती सोय २००९च्या सुमारास संपली. तेव्हापासून शाळांना दर दोन वर्षांनी हात पसरावे लागतात. एव्हर्स स्वतः शिक्षक होते, नंतर राज्याचे शिक्षणप्रमुख झाले, त्यामुळे हा विषय त्यांच्या जिव्हाळ्याचा.

माझं मत विचाराल तर दोघांचंही बरोबर आहे, आणि म्हणूनच वाद मिटत नाही. शाळांना पैसे हवेत हे खरं. पण २४२५ सालापर्यंतचा निर्णय एका माणसाने पेनाच्या दोन फटक्यांत घ्यावा, हे मला पटत नाही. वॉकर यांचं हजार वर्षांचं पटलं नव्हतं तसंच.

न्यायालयाने काय ठरवलं?

१८ एप्रिल २०२५ रोजी विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी व्हेटो कायम ठेवला. न्यायमूर्ती जिल कॅरोफ्स्की यांनी बहुमताचा निकाल लिहिला. आकडे म्हणजे अक्षरं नव्हेत, तेव्हा १९९०ची बंदी इथे लागू नाही, आणि घटनेत व्हेटोने मुदत किती वाढवता येते याला मर्यादा नाही, असा एकूण सूर. चारशे वर्षं म्हणजे लक्ष वेधून घेणारा बदल आहे हे न्यायालयाने मान्य केलं, पण आमदारांना दुरुस्ती करायची तर मार्ग मोकळे आहेत असं सांगितलं. न्यायमूर्ती ब्रायन हेगडॉर्न यांनी विरोधी मत लिहिलं.

दोन महिन्यांनी, २५ जूनला, त्याच न्यायालयाने एकमताने एव्हर्स यांच्या विरोधात निकाल दिला, त्याची चर्चा कमी झाली. मुलांच्या वाचनाच्या कार्यक्रमासाठी पाच कोटी डॉलर होते. विधिमंडळाने पैसे एका विधेयकात ठेवले आणि ते कसे वापरायचे हे दुसऱ्यात लिहिलं. एव्हर्स यांनी दुसऱ्यात खाडाखोड केली. न्यायालय म्हणालं, या विधेयकात खर्चाची तरतूदच नाही, मग अंशतः व्हेटो कसला? आमदारांना इथे वाट सापडली आहे: पैसे आणि धोरण एका कागदावर ठेवायचंच नाही.

माझं मालमत्ता कराचं बिल यामुळेच वाढलं का?

थोडंसं हो, पण सरळ नाही. ३२५ डॉलर ही मर्यादा आहे, कर नाही. ही मर्यादा राज्याचं अनुदान आणि स्थानिक मालमत्ता कर यांच्या बेरजेवर असते. राज्याने अनुदान वाढवलं तर तुमच्यावर भार कमी पडतो. २०२५-२७च्या अर्थसंकल्पात शाळांचं सर्वसाधारण अनुदान वाढलं नाही (विशेष शिक्षणाचं वाढलं), त्यामुळे मर्यादेतली वाढ घ्यायची तर शाळा जिल्ह्याला ती मालमत्ता करातूनच घ्यावी लागते.

शिवाय बिलात शहर, काउंटी, तांत्रिक महाविद्यालय असे इतर वाटेकरी असतात, आणि शाळा जिल्ह्याने सार्वमत घेऊन मर्यादेपलीकडे मागितलेले पैसेही त्यात असू शकतात. आमच्या घरी मागच्या वेळी मी रागाने बिल घेऊन बसलो, एकेक ओळ मागच्या वर्षाच्या बिलाशी ताडून पाहिली आणि सगळ्यात मोठी वाढ निघाली ती मी स्वतः ‘हो’ म्हणून आलेल्या सार्वमताची. बायको अजून तो विषय काढते.

गव्हर्नर सहीच न करता विधेयक दाबून ठेवू शकतो का?

नाही. विधेयक हातात आल्यापासून रविवार वगळता सहा दिवस. त्यात काही केलं नाही आणि विधिमंडळाचं कामकाज कायमचं संपलेलं नसेल, तर विधेयक आपोआप कायदा होतं.

मग भारतातलं तामिळनाडूचं प्रकरण?

तिथे भांडण नेमकं दाबून ठेवण्यावरून होतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद २००नुसार राज्यपाल विधेयकाला संमती देतात, ते परत पाठवतात किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतात. विधानसभेने ते पुन्हा मंजूर केलं तर संमती रोखता येत नाही. त्याला साधं बहुमत पुरतं, दोन-तृतीयांश लागत नाही. राज्यपाल आर. एन. रवी यांनी परत पाठवलेली दहा विधेयकं तामिळनाडू विधानसभेने १८ नोव्हेंबर २०२३ला खास बैठक घेऊन पुन्हा मंजूर केली, आणि मग ती राष्ट्रपतींकडे रवाना झाली. ८ एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी ती विधेयकं मंजूर झाली असं मानलं आणि राज्यपालांना मुदती घालून दिल्या. राष्ट्रपतींनी चौदा प्रश्न विचारले. २० नोव्हेंबर २०२५ला पाच न्यायमूर्तींनी मत दिलं की अशा ठरावीक मुदती न्यायालय घालू शकत नाही आणि ‘संमती मिळाली असं समजा’ हेही चालणार नाही. पण राज्यपालांनी अनिश्चित काळ बसून राहणंही घटनेला धरून नाही.

महाराष्ट्राचं उदाहरण हवं तर शक्ती विधेयक. डिसेंबर २०२१मध्ये विधिमंडळाने मंजूर केलं, राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेलं आणि तिथेच अडकलं. विस्कॉन्सिनमध्ये खोडलेलं निदान दिसतं तरी.

हा अधिकार काढून घेता येईल का?

घटनादुरुस्ती करून. लागोपाठच्या दोन विधिमंडळांनी, म्हणजे मध्ये निवडणूक होऊन आलेल्या नव्या सभागृहानेही, तोच ठराव मंजूर करायचा आणि मग लोकांनी मतदान करायचं. यात गव्हर्नरची सही लागत नाही, त्यामुळे व्हेटोचा प्रश्न नाही. १९९० आणि २००८च्या दुरुस्त्या अशाच झाल्या. दोन्ही वेळा एक पळवाट बुजली आणि पुढच्याने दुसरी काढली. एव्हर्स २०२६ची निवडणूक लढवणार नाहीत, तेव्हा पेन आता दुसऱ्या कोणाच्या हातात जाईल.

आम्ही ग्रीन कार्डवाले, मत नाही. काही करता येतं का?

व्हेटोच्या मतदानाआधी लोकांची सुनावणी होत नाही. पण अर्थसंकल्पाच्या वर्षी विधिमंडळाची संयुक्त वित्त समिती राज्यात ठिकठिकाणी सुनावण्या घेते. तिथे कुणीही नाव नोंदवून दोन मिनिटं बोलू शकतं, नागरिकत्व विचारत नाहीत. सभागृहांच्या प्रेक्षक सज्जातही कोणी बसू शकतं. असेंब्लीत मतं यंत्राने पडतात. १९१७ साली देशात पहिल्यांदा असं यंत्र याच असेंब्लीने बसवलं. पोरांना न्यायला चांगली जागा आहे, पार्किंग मात्र आधी बघून ठेवा.

खोडलेला मूळ मजकूर कुठे वाचायला मिळतो?

विधिमंडळाच्या संकेतस्थळावर ‘२०२३ विस्कॉन्सिन कायदा १९’ उघडा. छापील कायद्यात खोडलेला भाग तसाच ठेवतात आणि समासात ‘अंशतः व्हेटो’ अशी खूण करतात. शाळांच्या कलमापर्यंत खाली जा. ती खोडलेली जोडरेघ शोधायला मला चष्मा लावावा लागला.